शेतात उंदरांचे सापळे कुठे आणि कसे लावायचे: नव्याने शेती करणाऱ्यांसाठी

पुण्यात नोकरी आणि मुळशी, भोर नाहीतर पुरंदरला अर्धा-एक एकर, अशी शनिवार-रविवारची शेती करणारे आता बरेच झाले आहेत. पहिल्या वर्षी सगळं लक्ष कुंपण, बोअर आणि बियाण्याकडे जातं. उंदराची आठवण होते ती ठिबकच्या नळीतून भलत्याच ठिकाणी कारंजं उडालं की, किंवा पोटरीतल्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतातल्या, भाताच्या मधोमध वाटोळा मोकळा तुकडा दिसला की. मग बोहरी आळीतून चार पिंजरे येतात, शेताच्या चार कोपऱ्यांत ठेवले जातात, आणि पुढच्या शनिवारी बघावं तर भजं वाळून खडखडीत, पिंजरा उघडा. पिंजऱ्यात बहुधा काही खोट नसते. तो उंदराच्या वाटेवर नसतो, एवढंच.

उंदीर शेतभर हुंदडत नाही. बिळापासून खाण्यापर्यंत तो रोज त्याच वाटेने, कडेकडेने, मिशा बांधाला नाहीतर गवताला लावत जातो. सापळा त्या वाटेवर पडला तर लागतो, हातभर बाजूला पडला तर आठवडाभर तसाच राहतो. म्हणून पुढच्या मजकुरातला निम्मा भाग वाट शोधण्याबद्दल आहे. प्रत्यक्ष सापळा मांडायला दहा मिनिटं लागतात.

आधी कायद्याचं

हा लेख शेतातले नेहमीचे उंदीर आणि घुशी यांच्यापुरता आहे. रानडुक्कर, ससा, साळिंदर, मोर, घोरपड, मुंगूस यांच्यासाठी सापळा किंवा फास लावणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सापळ्यात धरणंही येतं आणि तसा प्रयत्न करणंही येतं, त्यामुळे ‘काही अडकलं नाही’ हा बचाव चालत नाही. डुकरासाठी म्हणून कुंपणात क्लच वायरचा फास लावायचा सल्ला गावात कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, आणि डुकराच्या फासात बिबट्या अडकला तर तुमची शेती राहील बाजूला. कुंपणात वीज सोडणं तर माणसाच्याच जिवावर बेततं. बिबट्यासाठी पिंजरा लावायचा की नाही आणि कुठे, हे फक्त वन विभाग ठरवतो. तुम्ही १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

सिंहगडाच्या आसपास ज्यांची जमीन आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. कोंढाणा उंदीर नावाची मऊ केसांच्या उंदराची एक जात सिंहगडावरून १९७५ साली विज्ञानाला पहिल्यांदा कळली. ती फारच थोड्या जागी सापडते आणि धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तेव्हा डोणजे, पानशेतकडे सापळे लावायचे ते घर, गोठा आणि पिकाच्या खाचरापुरतेच. वरच्या गवताळ उताराला हात लावू नका. तिथले उंदीर तुमच्या भाताला येत नाहीत.

तुमच्याकडे कोण आहे

सापळा किती मोठा, आमिष कोणतं आणि कुठे, हे सगळं यावर ठरतं. आपल्याकडे मुख्यतः चार-पाच जणांशी गाठ पडते.

ऊस, भात आणि कॅनॉलच्या पाण्यावरच्या शेतात सगळ्यात जास्त नुकसान करतो तो काळा उंदीर. बसक्या अंगाचा, राठ केसांचा, चिडका. याची खूण म्हणजे बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग, आणि पुष्कळदा तोंड आतून मातीने बुजवलेलं. नवखा माणूस तो ढीग बघून ‘इथे बीळ दिसत नाही’ म्हणून पुढे जातो. ढीग पायाने सरकवा, खाली भोक असतं. हाच उंदीर लोंब्या आणि कणसं ओढून बिळात साठवतो. गव्हाच्या शेतात एखादं बीळ खणून बघा, आत नीट रचलेल्या लोंब्या निघतात. बघून रागही येतो आणि जरा कौतुकही वाटतं.

घूस ही त्याचीच थोरली बहीण. पूर्ण वाढलेली घूस किलोभराच्या आसपास भरू शकते. ती शेताच्या मधोमध क्वचित असते. गोठा, कांदा साठवायची चाळ, विहिरीचा कठडा, ओढ्याकाठ या तिच्या जागा. दौंड-शिरूरकडच्या हलक्या माळरानावर हरण्या उंदीर भेटतो: मोठे डोळे, लांब शेपटी, शेपटीच्या टोकाला काळसर केसांचा गोंडा, आणि बिळाची तोंडं उघडी. मऊ केसांचा उंदीर काळ्या जमिनीच्या भेगांतही भागवतो. आणि शेवटी चिमुकली शेतउंदरी, जिचं बीळ रुपयाच्या नाण्याएवढं असतं. तिच्यासाठी घुशीचा पिंजरा लावाल तर ती जाळीतून आत येऊन, खाऊन, जाळीतून परत जाईल.

चिचुंद्री उंदीर नाही. लांब नाक, बारीक डोळे आणि उग्र वास यांवरून ओळखा. ती किडे खाते, पिंजऱ्यात आली तर सोडून द्या.

बांध वाचायचा

आता खरं काम. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना. तिरप्या उन्हात बांधावरच्या वाटा उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तोच बांध सपाट दिसतो. हातात एक काठी आणि वही, पायात गमबूट.

पहिली खूण वाट. गवतात दोन-तीन बोटं रुंदीची, गुळगुळीत झालेली, दोन्ही बाजूंची पाती किंचित बाहेर झुकलेली चिंचोळी पट्टी. ती बहुतेक वेळा बांधाच्या माथ्यावरून जात नाही, कुशीतून जाते, जिथे वरून गवत झाकतं. तिच्यावर अधूनमधून लेंड्या सापडतात. ओलसर, काळ्या आणि दाबल्या जाणाऱ्या असतील तर ताज्या. पांढुरक्या आणि चुरा होणाऱ्या असतील तर ती वाट बंद पडलेली समजा.

दुसरी खूण कापलेलं पीक. उंदीर भाताचे फुटवे जमिनीपासून थोडं वर तिरपे कापतो, कोयत्याने तिरका वार केल्यासारखे. कडेच्या ओळी शाबूत आणि मधे मोकळं, अशी तऱ्हा दिसली तर उंदीरच. कडेला त्याला उघडं पडायची भीती असते, म्हणून तो आत शिरून खातो. त्यामुळेच बांधावरून चालणाऱ्या मालकाला नुकसान उशिरा कळतं. उसात तो बुंध्याजवळची कांडी कुरतडतो, आणि ऊस लोळला असेल तर विचारायलाच नको.

मुळशी-मावळच्या खाचरात एक घोटाळा नेहमी होतो: खेकड्याच्या बिळाला उंदराचं बीळ समजणं. खेकडाही रोपं कापतो, बांधही पोखरतो. पण त्याच्या बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या असतात, कधीकधी चिखलाचा छोटा कठडाच. उंदराने काढलेली माती भुसभुशीत आणि विखुरलेली असते. खेकड्याच्या बिळाशी सापळा लावून बसाल तर फार तर खेकडा मिळेल. काहींना ते चालेलही.

मग बिळं मोजा. एका संध्याकाळी दिसतील तेवढी सगळी तोंडं ओल्या मातीने लिंपून टाका आणि शेजारी एकेक काडी रोवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जी पुन्हा उघडलेली असतील ती चालू बिळं. बाकीची जुनी, सोडलेली, किंवा त्याच घराचे मागचे दरवाजे. पन्नास भोकं बघून घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दहा-बारा चालू बिळं निघतात, आणि काम एकदम आवाक्यात येतं. काळ्या उंदराचं एकेक बीळ चार-पाच तोंडांचं असतं, पण पूर्ण वाढलेला उंदीर त्यात बहुधा एकटाच राहतो किंवा एक मादी पिल्लांसह.

वाटेबद्दल शंका असेल तर चुलीतली राख घ्या, चाळा, आणि संशयित वाटेवर वीतभर लांबीचा पातळ थर द्या. हे संध्याकाळी करायचं, वारा पडल्यावर. सकाळी राखेत पावलं उमटलेली असतात: पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ. रेघ नसेल आणि पाऊल गोल गादीचं असेल तर ते मांजर. साप गेला असेल तर नागमोडी पट्टा दिसतो, आणि मग त्या बांधावर जरा जपून वागायचं हेही कळतं. राखेला खर्च नाही आणि तिच्याएवढा खात्रीचा साक्षीदार नाही. मी तरी राख टाकल्याशिवाय नव्या बांधावर सापळा लावत नाही.

हे सगळं वहीत काढा. शेताचा आडवातिडवा नकाशा चालेल: बांध, चालू बिळं, वाटा, पाण्याची जागा, गंजी. पुढच्या वर्षी बिळं बऱ्याच अंशी त्याच बांधांवर असतात.

कातकरी वस्ती जवळ असेल तर एक सकाळ त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन शेत फिरा. उंदीर बिळातून खणून काढण्याचं ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांचं आहे. कोणतं बीळ चालू आणि त्याचं पळायचं तोंड कुठे, हे ते चालता चालता सांगतात. त्यांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या, नुसता चहा पाजून पाठवू नका.

सापळे कोणते

चाप आणि पिंजरा, एवढे दोन प्रकार नवशिक्याला पुरतात. चाप म्हणजे लाकडी किंवा लोखंडी पाटीवरचा स्प्रिंगचा सापळा, उंदीर जागीच मारणारा. पिंजरा म्हणजे जाळीचा, जिवंत धरणारा. एकाच वेळी अनेक उंदीर धरणारे मोठे पिंजरेही मिळतात, ते चाळीत आणि गोदामात छान चालतात, उघड्या शेतात तितके नाही.

चाप घेताना स्प्रिंग बघा. दुकानातच एखाद्या काडीवर सोडून पाहा. काडी मोडली पाहिजे. ढिला चाप उंदराला मारत नाही, नुसता जखमी करतो, आणि ते क्रूरही आहे आणि निरुपयोगीही. घरातल्या उंदरांसाठी मिळणारे छोटे चाप काळ्या उंदराला पुरत नाहीत. घुशीला तर मोठा, जाड तारेचा पिंजराच हवा.

चिकट पुठ्ठे शेतात आणूच नका. धुळीने तासाभरात निकामी होतात, आणि होईपर्यंत त्यावर पाली, सरडे, पक्षी चिकटून तडफडतात. काही राज्यांनी त्यांच्यावर बंदी आणली आहे ती उगाच नाही.

किती लागतात? एकरी चार सापळे म्हणजे नुसतं समाधान. चालू बिळं मोजली असतील तर प्रत्येक चालू बिळामागे किमान एक, आणि वाटांवर थोडे वरकड, असा हिशेब धरा. भाताच्या एका एकराला वीस-पंचवीस चाप हा माझ्या मते ठीक आकडा आहे. एवढे एकदम घ्यायचे नसतील तर शेजाऱ्याबरोबर मिळून घ्या आणि आळीपाळीने वापरा.

मांडणी

चाप वाटेला आडवा ठेवायचा, आमिषाचा आणि खटक्याचा भाग वाटेच्या बाजूला. बांधाच्या कुशीला लागून वाट असेल तर खटक्याचं टोक बांधाला जवळजवळ टेकलं पाहिजे. असं ठेवलं की उंदीर कोणत्याही बाजूने आला तरी त्याचं तोंड खटक्यावर येतं. वाटेच्या दिशेत उभा ठेवला तर एका बाजूने येणारा उंदीर मागून, स्प्रिंगवरून चढतो आणि चाप नुसता उडतो. जागा मोकळी असेल तर दोन चाप पाठीला पाठ लावून वाटेवर ठेवले तरी चालतात, दोन्ही खटके बाहेरच्या टोकांना.

पिंजऱ्याचं याच्या उलट. त्याचं तोंड वाटेच्या दिशेतच हवं, म्हणजे चालता चालता उंदीर सरळ आत जाईल. पिंजरा ठेवल्यावर वरून हाताने दाबून हलवून पाहा. जरा जरी डुगडुगला तरी उंदीर पुढचे पाय ठेवून मागे फिरतो. खालची माती खरवडून सपाट करा, पिंजरा थोडा बसवा, आणि तळाच्या जाळीवर मूठभर तीच माती पसरा. पायाला तार लागली नाही पाहिजे. वरून पाचट, गवत किंवा भाताचा पेंढा टाका, तोंड मात्र उघडं. दार पडायची वाट गवतात अडत नाही ना, हे काडीने खटका उडवून एकदा बघून घ्या. अर्धवट पडलेल्या दारातून उंदीर निसटला की तो त्या पिंजऱ्याकडे सहसा परत येत नाही.

बिळाच्या तोंडात सापळा कोंबू नका. हात-दीड हात अंतरावर, वाट जिथे बिळापासून सुटते तिथे ठेवा. तोंडाशीच ठेवला तर काळा उंदीर त्यावर माती लोटून मोकळा होतो, आणि सकाळी तुम्हाला मातीत पुरलेला चाप सापडतो.

प्रत्येक सापळा बारीक तारेने खुंटीला बांधा. अर्धवट अडकलेली घूस चाप घेऊन बिळात जाते, कोल्हा किंवा गावातलं कुत्रं उंदरासकट चाप पळवतं. आणि जिथे मुलं, कोंबड्या, कुत्री फिरतात तिथे चाप उघडा ठेवायचाच नाही: फुटकं कौल पालथं घाला, किंवा पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून त्याखाली ठेवा. उंदराला आच्छादन आवडतंच, त्यामुळे सापळा उलट जास्त लागतो. दिवसा सगळे चाप पाडून ठेवा, कारण उंदीर निशाचर आहे आणि दिवसा अडकतात ते चिमण्या, खारी आणि साळुंक्या. मोराची चिंचोलीसारख्या मोरांच्या भागात तर हा नियम मोडायचा नाही.

आमिष

भाताच्या शेतात भात ठेवून उपयोग नाही. जे शेतात नाही ते द्या. वासाचं आणि तेलकट: सुका बोंबील, सुकट, कांद्याचं भजं, तेलात भिजवलेला भाकरीचा तुकडा, भाजलेले शेंगदाणे कुटून गुळात बांधलेली गोळी. भुईमूग काढणीला आला असेल त्या रानात शेंगदाणा चालत नाही, तिथे बोंबील. ज्यांच्या घरात बोंबील चालत नाही त्यांनी भज्यावर भागवावं, फक्त ताजं.

चापाच्या आकड्यावर आमिष दोऱ्याने घट्ट बांधा. सुटं ठेवलं तर उंदीर, नाहीतर त्याच्याआधी मुंग्या, ते अलगद उचलून नेतात. मुंग्यांचा त्रास फार असेल तर आमिष अंधार पडताना लावा, दुपारी नको.

आता संयमाचा भाग. उंदराला नवी वस्तू संशयास्पद वाटते. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री सापळा जागेवर ठेवा, आमिष लावा, पण खटका चढवू नका. पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवा. सकाळी आमिष गेलेलं दिसलं की उंदीर सरावला. मग एकाच संध्याकाळी सगळे सापळे चढवा. पहिल्या दोन रात्रींतच सगळ्यात जास्त उंदीर लागतात, नंतर संख्या उतरते. तीन रात्री ज्या सापळ्याकडे कोणी फिरकलं नाही तो उचलून दुसऱ्या वाटेवर न्या. चांदणं लख्ख असतं तेव्हा उंदीर उघड्यावर कमी येतो, म्हणून जमलं तर अमावास्येच्या आसपासचा आठवडा धरा.

शनिवार-रविवारवाल्यांसाठी

चढवलेला पिंजरा आठवडाभर सोडून पुण्याला निघून जायचं नाही. आत अडकलेला जीव, मग तो उंदीर असो की चिचुंद्री, पाण्यावाचून आणि उन्हात मरतो, आणि सडका पिंजरा तुम्हालाच साफ करावा लागतो. रोज सकाळी ऊन चढायच्या आत सापळे बघणारा माणूस असेल तरच ते चढते ठेवा. गडी किंवा शेजारी हे करणार असेल तर त्याच्याशी आधी स्पष्ट बोला, काय सापडल्यावर काय करायचं ते दाखवा, आणि त्याचे पैसे ठरवा. तसं कोणी नसेल तर आठवड्याच्या मधे सापळे जागेवर, आमिषासह, न चढवता ठेवा. शुक्रवारी रात्री नाहीतर शनिवारी संध्याकाळी चढवा आणि रविवारी सकाळी काढा. आठवडाभर सरावलेले उंदीर त्या रात्रीत चांगले लागतात. नोकरदार शेतकऱ्याला हीच पद्धत सोयीची.

सापडल्यावर

बिळात हात घालायचा नाही, कधीच नाही. पुणे जिल्ह्यात घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही विषारी साप आहेत, आणि उंदराची बिळं हा त्यांचा आयता निवारा. पालापाचोळ्याने झाकलेला सापळा उचलण्याआधी वरचं गवत काठीने बाजूला करा. पिंजऱ्यात धामण सापडली तर लांब काठीने दार उचलून धरा आणि मागच्या बाजूला उभे राहा. ती निघून जाईल. तुमच्या शेतातल्या उंदरांवर तिच्याएवढं फुकट काम कोणी करत नाही. दंश झालाच तर मांत्रिक, चिरा देणं, बांधणं यात वेळ न घालवता प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. ते कुठे आहे हे आजच विचारून ठेवा.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, विशेषतः पावसाळ्यात, हातापायाच्या जखमांमधून. रबरी हातमोजे घाला, खाचरात अनवाणी जाऊ नका, मेलेला उंदीर प्लॅस्टिकची पिशवी हातावर उलटी करून उचला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि जबर अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘मी शेतात उंदीर धरत होतो’ हे आपणहून सांगा. शहरातला डॉक्टर ते विचारेलच असं नाही.

जिवंत सापडलेला उंदीर ओढ्यापलीकडे सोडणं म्हणजे शेजाऱ्याला भेट देणं. मारायचा तर झटक्यात: पिंजऱ्याचं तोंड जाड गोणीत उघडून उंदीर कोपऱ्यात घ्या आणि गोणीवरून डोक्यावर एक जोरकस घाव. पाण्यात पिंजरा बुडवायची रीत सगळीकडे आहे, पण तो जीव मिनिटभराहून जास्त तडफडतो. हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटत असेल तर पिंजरे घेऊच नका, सगळे चाप घ्या. मेलेले उंदीर विहीर आणि ओढ्यापासून लांब, दोन फूट खोल पुरा. सापळे साबणाच्या पाण्याने धुवा. उंदराच्या वासाने दुसरा उंदीर येत नाही या समजुतीत फारसं तथ्य नाही. धुवायचे ते आपल्या तब्येतीसाठी.

वेळ कधीची

बहुतेक जण उंदीर दिसायला लागल्यावर जागे होतात, म्हणजे दाणा भरताना. तेव्हा उशीर झालेला असतो, कारण पीक भरत येतं तशी उंदरांची वीणही वाढते. मादी जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं देते, एका वेळी सहा-आठ, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः वीण द्यायला लागतात. खरी संधी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा रानात खायला काही नसतं, उंदीर संख्येने सगळ्यात कमी आणि भुकेले असतात, आमिषावर लगेच येतात. त्या वेळी धरलेला एक उंदीर म्हणजे दिवाळीचे कितीतरी कमी.

मुळशी-मावळात दुसरी संधी लावणीनंतरचे पहिले काही आठवडे. खाचरात पाणी असतं, त्यामुळे उंदीर बांधांवर गोळा झालेले असतात आणि वाटा मोजक्याच उरतात. पावसात लाकडी चाप फुगून अडकतो, तेव्हा लोखंडी वापरा. पोटरी धरायच्या आधी हे काम संपलं पाहिजे. दौंड-बारामती-इंदापूरच्या उसात ऊस लोळण्याआधी, आणि तोडणीनंतर खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायच्या आधी. जुन्नर-आंबेगावला कांदा चाळीत भरण्याआधी चाळीच्या भोवती, नंतर नाही; एकदा कांद्याच्या थप्पीत घर केलं की सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

शेजार

एकट्याने स्वतःचं शेत मोकळं केलं तर शेजारच्या बांधावरचे उंदीर काही आठवड्यांत येऊन राहतात. सलग आठ-दहा शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावले तर फरक टिकतो. सामाईक बांधावर आधी विचारून मगच हात घाला. बिळं खणताना बांध वीतभर जरी सरकला तरी उंदीर राहतो बाजूला आणि प्रकरण तलाठ्यापर्यंत जातं. भाताचे बांध मुळात फूटभर रुंदीचेच ठेवले, गवत कापत राहिलं, तर बीळ पाडायला जागा कमी मिळते. पेंढ्याची उडवी जमिनीवर न रचता दगडांवर फळ्या टाकून रचा.

विषाचा विषय वेगळा आणि मोठा आहे. शेतात मोर, कुत्री, गुरं येत असतील तर नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. झिंक फॉस्फाइडचे दाणे उंदीर आणि मोर यांच्यात भेद करत नाहीत, आणि रक्त पातळ करणारी विषं खाऊन मेलेला उंदीर घुबडाने उचलला तर घुबडही जातं. एक गव्हाणी घुबड रात्रीतून एकापेक्षा जास्त उंदीर उचलतं. एकरात चार-पाच ठिकाणी इंग्रजी टी आकाराचे आठ-दहा फूट उंच पक्षीथांबे रोवा, आणि दाणे पक्व व्हायला लागले की काढून घ्या, नाहीतर त्यावर पोपट येऊन बसतात.

हंगाम संपला की चाप मोजून घ्या. गवतात विसरलेला चढता चाप पुढच्या निंदणीला बाईमाणसाच्या बोटांवर पडतो, म्हणून वहीतल्या नकाशावर एकेक खूण करत उचला. स्प्रिंगला तेलाचा हात द्या आणि घरात, कोरड्या जागी टांगून ठेवा.